हाक राहिली

कुठूनही निघताना आई हाक मारायची. संध्याकाळी शेतातून घरी येताना, मावशीकडचं लग्न उरकून परतताना, एकदा मला टायफॉइड झाला होता तेव्हा राहात्याच्या दवाखान्यातून निघतानासुद्धा. सामान आवरून झालं, पायात चपला घातल्या, की ती दोन पावलं मागे यायची, आम्ही जिथे बसलो-उठलो होतो त्या जागेकडे तोंड करायची आणि एकेकाचं नाव घेऊन म्हणायची, "चल, घरी चल. मागं ऱ्हाऊ नगं." आधी भावाचं नाव, मग माझं. नाना म्हणजे आमचे वडील. त्यांचं नाव ती घेत नसे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही या वळणात ती वाढलेली. त्यांच्यासाठी हाक वेगळी होती. "अन् तुमी बी चला. मागं ऱ्हाऊ नगा." त्यावर नाना दर वेळी तेच म्हणायचे, "तू बी चल, बाई. तुला कोन हाक मारनार?" एवढं झालं की आमचं पाऊल उचलायचं.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, आम्ही तर तुझ्यासमोरच उभे आहोत, मग तू हाक कोणाला मारतेस? ती म्हणाली, "मानूस उठून येतं गं. जीव बसल्या जागी ऱ्हातो. त्याला सांगावं लागतं."

हे तिला तिच्या आईकडून आलं होतं. पुढे मी शिकले, बी.ए. झाले, बी.एड. झाले, केडगावच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. पण आईचं हे वाक्य पोरांना व्याकरणासाठी फोडून दाखवावं, असं मला कधी वाटलं नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. मला शिकवायचं हे नानांनी ठरवलं, आणि ते ठरवताना कोणाशी वाद घातल्याचंही मला आठवत नाही. सकाळी सायकलवर बसवून ते मला एसटीच्या थांब्यावर सोडत आणि गाडी दिसेपर्यंत उभे राहत. मी बसले की हात करत नसत. सायकल वळवत आणि बागेत जात. आज जे काही थोडंफार लिहिता-वाचता येतं, ते त्या सायकलच्या कॅरिअरवर बसून आलेलं आहे.

आमची पेरूची बाग. पाणी प्रवरेच्या डाव्या कालव्याचं, आणि आम्ही पार त्याच्या शेपटाला. वरच्यांचं भिजून झालं की मग आमच्या चारीला, म्हणजे शेताकडे येणाऱ्या पोटपाटाला, पाणी यायचं. कालव्याला धरणातून पाणी सोडतात त्याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून येत होता. "आवर्तन सुटलं का?" "सुटलं, पर खाली यायचंय." घरात दोन माणसं भेटली की हेच बोलणं. मला वाचता यायला लागलं तेव्हा नानांनी पहिलं काम लावलं ते हे, की पेपरात भंडारदरा धरण किती भरलं ते शोधून मोठ्यानं वाचायचं. ते खाटेवर बसून ऐकायचे. आकडा चांगला असला की आईला आतून चहा टाकायला सांगायचे.

पण त्यांनी भंडारदरा कधी पाहिलं नव्हतं. अकोले तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात; सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोहोचावं एवढंच लांब. आवर्तन चालू असलं की ते बाग सोडत नसत, आणि चालू नसलं की म्हणत, "आता जाऊन काय बघायचं?" असं करता करता त्यांचे केस पांढरे झाले.

आमच्या शाळेतल्या आम्ही चार-पाच जणी एकदा तिकडे तंबूत राहायला गेलो. धरणाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या कडेला, भात काढून मोकळी झालेली खाचरं असतात. तिथे गावातली माणसं रांगेनं तंबू लावून देतात. मागे जांभूळ-हिरड्याचं रान, पुढे पाणी. मी तिथून नानांना मोबाईलवर फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"धरन बघितलं तू?"

"हो नाना. समोरच आहे."

"पानी कुठवर हाय? भिताडाला लागलंय का?"

"भिंत नाही बघितली मी. इथून दिसत नाही."

"मंग काय बघितलं?"

"तंबू आहेत. शेकोटी आहे. झाडं आहेत."

नाना हसले. "झाडं तर आपल्याकडं बी हायेत," म्हणाले. मग म्हणाले, "बरं हाय. कुनीतरी गेलं आपल्यातलं."

त्यानंतर वर्षभरात त्यांना दम लागायला लागला. बांधावर चढताना बसायला लागले. पाय सुजले. डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि सांगितलं, हृदय मोठं झालंय. बाहेर येऊन नाना आईला म्हणाले, "ऐक. डॉक्टर म्हनला, मी लई मोठ्या मनाचा मानूस हाय. तुलाच कळलं न्हाई." आई रडत होती, तशीच हसली.

डॉक्टरांनी दोन गोष्टी मोजून द्यायला सांगितल्या, मीठ आणि पाणी. दिवसाला लिटरभर पाणी, चहा-ताकासकट. जास्त झालं की ते अंगात साठायचं, छातीत चढायचं. आईनं एक तांब्या ठरवला. सकाळी तो भरायचा, आणि दिवसभराचा त्यांचा घोट न घोट त्यातूनच. तांब्या तिच्या हाताशी असायचा. नाना त्याला आवर्तन म्हणायला लागले.

"आमचं आवर्तन कधी सुटनार हाय आज?"

"जेवल्यावर."

"आमी शेपटाला हाय, बाई. जेवल्यावर म्हनतीस, पर येतंय कुठं!"

तो विनोद ते रोज करायचे. आई रोज म्हणायची, "गप बसा." पण फुलपात्रात पाणी ओतताना तिचं मन तिथंच असायचं, शेवटचा थेंबही तांब्याच्या काठावरून बोटानं निरपून घ्यायची. तिला वाटायचं, हे माप चुकलं नाही तर माणूस राहील. इतकं सोपं होतं तिच्यासाठी, आणि इतकं अवघड.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मला एकटीला आत थांबवलं. म्हणाले, औषधं चालू ठेवा, पण त्यांना कुठे जायचं असेल, कोणाला भेटायचं असेल, तर उशीर करू नका. मी बाहेर आले तेव्हा नाना बाकावर बसून पायातली चप्पल सरळ करत होते. मी म्हटलं, "नाना, धरणावर जायचं का?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी विचारलं नाही. "जाऊ की," म्हणाले.

आई तयार नव्हती. थंडी, प्रवास आणि त्यात तंबू. "घर हाय, दार हाय, अन् ह्या वयात फडक्याच्या घरात झोपायचं?"

नाना म्हणाले, "अगं, शिंगनापुरात घराला दार न्हाई, तरी मानसं झोपत्यातच ना? हितं भिताड बी न्हाई, येवढाच फरक."

मार्गशीर्षात आम्ही निघालो. नाना, आई आणि मी. गाडी मीच चालवत होते. नाना पुढे बसले होते, आणि संगमनेरपर्यंत रस्त्यात ओळखीचं कोणी दिसतंय का ते बघत होते, म्हणजे काच खाली करून सांगता आलं असतं की पोरगी चालवतीय. कोणी दिसलं नाही. आईनं मागच्या सीटवर तांब्या मांडीत धरला होता, वर वाटी झाकून.

अकोले, राजूर, मग शेंडी. आधी मी त्यांना भिंतीपाशी नेलं. खालून बघितली की ती केवढी मोठी दिसते. नाना गाडीतून उतरले आणि म्हणाले, "दगडाची हाय?" त्यांना ती इतकी वर्षं सिमेंटची वाटत होती. पायथ्याशी एका ठिकाणाहून पाण्याचा पांढरा झोत सुटत होता. नानांनी टोपी काढून हातात घेतली. देवळात काढतात तशी नाही. घाम पुसायला काढावी तशी काढली, पण मग घाम पुसायचं विसरले.

"हेच का ते?"

"हेच असेल, नाना."

"हेच," ते स्वतःशीच म्हणाले. "हितून निघायचं अन् आपल्यापतुर यायचं. लई लांबून येतं रं." ते पाण्याशीच बोलत होते.

तंबूच्या जागी पोहोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मी फोनवर सांगून ठेवल्यामुळे तंबूवाल्यांनी कडेचा तंबू आम्हाला दिला होता, आत गाद्या आणि जाड गोधड्या. स्वयंपाक करणारी बाई आमच्या वहिनीच्या वयाची, त्याच गावातली. तिनं नानांना खुर्ची आणून दिली आणि आईला विचारलं, भाकरी नाचणीची चालंल का? आईनं बिनमिठाचं पिठलं वेगळं काढायला सांगितलं, मग तिच्यावर विश्वास नसल्यासारखी स्वतःच चुलीपाशी जाऊन बसली. थोड्या वेळानं दोघी कशावर तरी हसत होत्या. नाना तंबूची चेन वर-खाली करून बघत होते. "मच्छरदानीच हाय ही," म्हणाले, "जरा शिकलेली."

मग ते खुर्ची घेऊन पाण्याच्या कडेला जाऊन बसले. धरण भरलेलं होतं. पलीकडचे डोंगर पाण्यात उलटे दिसत होते. पलीकडच्या तंबूंत नाशिकची पोरं गाणी लावून नाचत होती, पण नानांना ते ऐकू येत नसावं. आईनं संध्याकाळचं पाणी फुलपात्रात ओतून दिलं. त्यांनी ते हातात धरलं, समोर बघितलं, पुन्हा हातात बघितलं.

"येवढं समदं पानी पुढ्यात," म्हणाले, "अन् माज्या वाट्याला घोटभर."

मी हसले. आई हसली नाही.

सकाळी मला जाग आली ती आईच्या आवाजानं. "हे कुठं गेले?" नानांची गोधडी रिकामी होती. आम्ही दोघी तशाच बाहेर आलो. पाण्यावर धुकं होतं, तंबूंवर दव साचलं होतं. खाली कडेला नाना गुडघे टेकून वाकले होते. आईला वाटलं पडले. ती अनवाणी धावली. जवळ जाऊन पाहिलं तर ते दोन्ही हातांची ओंजळ करून पाणी पीत होते.

"अवो! काय करताय?"

"पानी कसं लागतं ते बघतोय."

"प्यालात?"

"घोटभर."

"घोटभर? सदरा बघा तुमचा, चिंब झालाय!"

"बरं, दोन वंजळी म्हन." ते वर बघून हसले. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. "जलमभर पाटाचं गढूळ प्यालो. हे वरचं हाय. गोड हाय गं. तू बी पिऊन बघ."

"म्या रोज मापून देते ती येडी म्हनून? थेंब थेंब राखती ती?"

"तू राखलंस म्हनून तर हितवर आलो."

"तुमाला जायचंच आसंल तर जावा मंग!" आई ओरडली, आणि तिनं लगेच पदर तोंडाला लावला. मी त्यांना हात देऊन उठवलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता आणि चेहरा, मी खरं सांगते, अनेक महिन्यांत पाहिला नव्हता इतका समाधानी.

त्यानंतर आई बोलेना. तिनं चहा घेतला नाही. पिशव्या भरल्या, गोधड्यांच्या घड्या घातल्या, स्वयंपाकाच्या बाईच्या पोरीच्या हातावर दोन पेरू ठेवले. मी गाडी वळवून घेत होते. काच उघडी होती, म्हणून मागचं सगळं ऐकू येत होतं. आई तंबूकडे तोंड करून उभी राहिली. माझं नाव घेतलं. "चल, घरी चल. मागं ऱ्हाऊ नगं." आणि वळून गाडीत बसली.

नाना दाराला हात लावून उभे होते. "आमाला हाक न्हाई वाटतं आज," म्हणाले.

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

"बरं," नाना म्हणाले. "तू चल, बाई. मागं ऱ्हाऊ नगं." आणि पुढे येऊन बसले.

राजूर येईपर्यंत आईचा राग उतरला. तिनं तांब्यातून त्यांचं पाणी काढून पुढे दिलं. त्यांनी ते शहाण्यासारखं थोडंच घेतलं आणि बाकीचं परत दिलं, "सकाळचं वळतं करून घे" म्हणाले. संगमनेरच्या अलीकडे ती त्यांना पेरूच्या फोडी भरवत होती आणि ते दोघं मिळून माझ्या ब्रेक मारण्यावर हसत होते. भांडण मिटलं. हाक मात्र राहिली. तेव्हा ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

फाल्गुनात नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी केडगावहून पोहोचले तेव्हा आई त्यांच्या उशाशी बसली होती आणि तांब्या तिथेच होता, निम्म्याच्या वर भरलेला. त्या दिवसाचं पाणी शिल्लक राहिलं होतं. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती आल्यागेल्याला. "प्यालेच न्हाईत आज. ऱ्हायलंय बघा पानी."

दहाव्याला पुणतांब्याला गोदावरीच्या काठी गेलो. पिंड ठेवला. कावळे होते, पण जवळ येईनात. झाडावरून बघत आणि दुसरीकडे उडून जात. आमच्यात अशा वेळी माणसं विचारतात, काय राहिलं असेल त्यांचं मनात. एकेकजण पुढे होऊन शब्द देतो. भाऊ हात जोडून म्हणाला, बाग तोडणार नाही. कावळा आला नाही. म्हणाला, आईला अंतर देणार नाही. चुलते म्हणाले, बांधाचा वाद मी सोडला. मीही म्हणाले काहीतरी, आता आठवत नाही. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले.

आई या सगळ्यात बायकांच्या घोळक्यात गप्प बसून होती. निघताना सवयीनं मी थांबले, तिच्या हाकेसाठी. ती घाटाकडे वळली नाही. सरळ चालत टेम्पोत जाऊन बसली.

त्यानंतर तिनं हाक मारणं सोडलं. भावाचा फोन आला, "आई आजकाल शेतातून निघताना काही बोलत नाही. आम्ही थांबतो, ती पुढे निघून जाते." वहिनी म्हणाली, सकाळी अजून तांब्या भरून ठेवतात, संध्याकाळी तुळशीला घालतात, त्याला हात लावू देत नाहीत. जेवायला बसतात, पण दोन घास खाऊन उठतात. सगळ्यांना वाटलं दुःख आहे, ओसरेल. मला भीती वाटायला लागली. तिच्या अंगातली चोळी सैल होऊन लोंबत होती.

परीक्षा संपल्यावर मी सुटीला गेले. सकाळी ती बागेत आळ्यांतलं गवत काढत होती. मी शेजारी बसून काढायला लागले. खूप वेळानं, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "कावळा कसा शिवंल? ते हितं न्हाईतच."

"कोण?"

"तुझं नाना. ते तिकडंच ऱ्हायले. धरनावर."

मी तिच्याकडे वळले.

"म्या हाक मारली न्हाई. तुला मारली, अन् त्यांना न्हाई. ते इचारत बी हुते मला. रागात हुते मी." तिच्या हातातलं गवत तसंच राहिलं. "नुसतं अंग आलं घरी. येवढं वरीस अंगालाच पानी पाजलं म्या."

वरीस नव्हतं झालं. पण मी दुरुस्त केलं नाही. मी तिला सांगितलं की मी नंतर डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले, दोन ओंजळी पाण्यानं काही झालेलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मास्तरणीकडे बघावं तसं.

"पान्याचं कोन म्हनतंय? प्याले ते लई बरं झालं. मीच वरडले उगं." मग म्हणाली, "मला तिकडं घिऊन चल. हाक मारून आनते त्यांना."

भाऊ म्हणाला, कशाला तिच्या मनातलं वाढवतेस. मी त्याला म्हटलं, चार पुस्तकं शिकले म्हणून तिच्या मनातलं खोटं आहे, असं मला म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. तिनं तांब्या मांडीत घेतला होता. रिकामा.

वैशाखातलं धरण मी पहिल्यांदा पाहत होते. पाणी इतकं उतरलं होतं की मला जागा ओळखू येईना. जिथे नाना खुर्ची टाकून बसले होते तिथपासून खाली नुसता भेगाळलेला चिखल, दगड, मधूनच जुन्या झाडांचे काळे बुंधे, आणि पार खाली पाणी. तंबू तीन-चारच होते आणि तेही रिकामे. जांभळांखाली पाचोळा वाजत होता.

स्वयंपाकाची बाई आम्हाला बघून घरातून आली. तिनं ओळखलं. "मावशी! आन् बाबा न्हाई आले?"

"आलेत की," आई म्हणाली. "हितंच हायेत."

बाई माझ्याकडे बघायला लागली. मग आईच्या कपाळाकडे तिचं लक्ष गेलं, आणि ती पाणी आणायला आत गेली.

"पानी कुठं गेलं गं समदं?" आईनं मला विचारलं.

"सोडलंय. आवर्तन चालू आहे. आपल्याकडे गेलं असेल."

ती मान हलवत खाली उतरायला लागली. मी हात धरला. चिखल वरून वाळलेला, आत ओला. चपला रुतत होत्या, म्हणून तिनं त्या काढून हातात घेतल्या. पाण्याशी पोहोचायला आम्हाला बराच वेळ लागला. तिथे ती उभी राहिली. पदर डोक्यावरून नीट घेतला. मी थोडी मागे सरकले.

"अवो," ती म्हणाली.

वारा होता. पलीकडच्या कड्यावरून काही ऐकू आलं नाही.

"अवो, चला घरी. मागं ऱ्हाऊ नगा." तिचा आवाज शेतातून हाक मारावी तसा होता. "तवा रागात हुते मी. आता आले ना. चला."

ती थांबली. पाहुणा चप्पल घालून येईपर्यंत थांबावं तशी, उंबऱ्याकडे डोळे लावून. मी पाण्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर मीही थांबले होते. कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

नंतर ती हळूच खाली बसली. हातातल्या चपला बाजूला ठेवल्या.

"येत न्हाईत," म्हणाली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती रडत नव्हती. पाणी तिच्या पायाच्या बोटांना लागत होतं. तिनं तांब्या बुडवून भरून घेतला, त्यात बघितलं, आणि तो सगळाच्या सगळा पुन्हा पाण्यात ओतला. काठावरचा थेंब बोटानं निरपला नाही.

"ऱ्हावा मंग," ती पाण्याला म्हणाली. "ऱ्हावा हितंच. प्या पोटभर. आता कोन मापत न्हाई तुमाला."

आम्ही बसून राहिलो. ऊन डोंगराच्या आड जायला लागलं. वरून त्या बाईनं चहा झाल्याचं ओरडून सांगितलं. मी उठले. आईनं पायात चपला घातल्या, बसल्या बसल्याच, आणि मागे न वळता, दोन-अडीच महिन्यांनी, माझं नाव घेतलं. "चल, घरी चल. मागं ऱ्हाऊ नगं."

मी दोन पावलं चढले आणि थांबले. पुढचं वाक्य यायचं होतं. ते म्हणणारं माणूस आता नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांना हाक मारणारी ती, आणि तिला हाक मारणारे एकटे नाना.

मी वळले. "आई, तू पण चल," मी म्हटलं. माझ्या तोंडी ते फार पुस्तकी वाटलं.

ती पाण्याकडेच बघत बसली होती. तिला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलंही असेल.

"तू बी चल, बाई," मी नानांसारखं म्हटलं. "मागं ऱ्हाऊ नगं."

थोड्या वेळानं आई उठून आली.